माझ्यासमोर नको

आमच्या घरात तीन कोर्टं आहेत. आई म्हणजे तालुका कोर्ट. तिथं तक्रार, तपास, साक्ष आणि निकाल सगळं पोळ्या लाटता लाटता होतं. पप्पा म्हणजे जिल्हा कोर्ट. ते नोकरीला सोयगावला असतात आणि शनिवारी घरी येतात, म्हणून त्यांच्याकडची सुनावणी व्हिडिओ कॉलवर चालते. निकाल आधीच ठरलेला असतो. "आई म्हणते ते बरोबर." पुढं आवाज तुटतो. पप्पा म्हणतात सोयगावला रेंज नाही. मला वाटतं रेंज असते, हिंमत नसते.

आणि सगळ्यात वर हायकोर्ट, म्हणजे माझे आजोबा नानासाहेब. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात.

नाना खरंच हायकोर्टात होते. न्यायमूर्ती नाही, जालना रोडच्या खंडपीठात शिरस्तेदार. न्यायमूर्तींच्या पुढ्यात खाली बसायचं, प्रकरण पुकारलं की त्याचे कागद वर द्यायचे. रिटायर होऊन लई दिवस झाले, पण पुंडलिकनगरच्या आमच्या घरात ते अजून तसेच बसतात. फरक एवढाच, आता वरच्या खुर्चीवरपण तेच असतात.

हायकोर्टात अपील कसं चालतं, हे मला त्यांनीच शिकवलं. दिवाणी भांडणात कुणाचं पारडं जड ते बघायचं. गच्चीवरची खोली मला मिळाली ती अशीच. आईचं म्हणणं होतं तिथं तिचे पापड वाळतात. माझं म्हणणं होतं तिथं माझा अभ्यास होतो. नानांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, पापड वर्षातून चार दिवस, अभ्यास रोज. (रोज हा शब्द ऐकून आई खोकली, पण निकाल झाला होता.) फौजदारीत मात्र तसं नसतं. तिथं जड पारडं पुरत नाही. शंकेला जागा राहिली तर आरोपी सुटला.

आणि सगळ्यात मोठा नियम, वरच्या कोर्टात नवी गोष्ट सांगायची नाही. नाना म्हणतात, "अपिलात नवी भाकरी थापत नसतात. खालच्या कोर्टानं भाजली तीच उलटून बघायची, कुठं कच्ची राहिली का."

आता प्रकरण.

आई पतसंस्थेत आहे आणि रोज स्कूटीवर जाते. त्या बुधवारी संस्थेच्या गाडीनं ती दौलताबादच्या शाखेत गेली, म्हणून स्कूटी घरीच होती. माझी शाळा अर्धा दिवस होती. दुपारी मी एकटी घरी होते आणि झोपले होते. नाना बागेत गेले होते. दर बुधवारी ते बागेत जातात आणि बराच वेळ येत नाहीत.

गुरुवारी सकाळी आई स्कूटी काढायला खाली गेली आणि जशी गेली तशीच वर आली.

"अपेक्षा, गाडी कुणी चालवली?"

"मला काय माहीत?"

"डाव्या बाजूचा इंडिकेटर फुटलाय. खालपर्यंत ओरखडा आहे. आणि आरसा असा फिरवून ठेवलाय की मला रस्ता दिसंना, नुसतं आभाळ. मी गाडी चालवू का नक्षत्रं मोजू?"

माझ्याविरुद्ध पुरावा जबरदस्त होता, हे मी मान्य करते. स्कूटी शिकवा म्हणून मी दिवाळीपासून मागं लागले होते. आदल्या आठवड्यात पार्किंगमध्ये बंद गाडीवर बसून मी तोंडानं भुर्र आवाज काढत असताना समोरच्या मालनमावशींनी पाहिलं होतं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकते. आणि दुपारी घरी मी एकटी.

"मी झोपले होते," मी म्हणाले.

"साक्षीदार?"

"झोपेला साक्षीदार कुठून आणू?"

"मग झालं तर. शनिवारचं बीड रद्द."

शनिवारी आमच्या शाळेचा खो-खोचा संघ विभागीय स्पर्धेला बीडला जाणार होता. मी वर्गाच्या रांगेत पहिली उभी राहते, म्हणजे उंचीनं सगळ्यात कमी. आईच्या खांद्यालासुद्धा जेमतेम लागते. आयुष्यभर या गोष्टीवरून मला लोकांनी चिडवलं, आणि याच वर्षी सरांच्या लक्षात आलं की खांबाला वळसा घालून मी निघते तेव्हा समोरच्याला मी दिसतच नाही. पहिल्यांदाच माझं बुटकं असणं कुणाच्या तरी कामाला येत होतं. आणि ते बीड रद्द?

जिल्हा कोर्टाला लगेच फोन लावला. पप्पांनी सगळं ऐकलं, म्हणजे तसा चेहरा केला.

"आई काय म्हणते?"

"आईनंच शिक्षा दिलीय, पप्पा. तिच्याविरुद्धच तर अपील आहे."

"मग आई म्हणते ते बरोबर," पप्पा म्हणाले आणि सोयगावची रेंज गेली.

मी घाबरले नाही. हायकोर्ट शिल्लक होतं. संध्याकाळी मी नानांच्या खोलीत गेले, ओढणी काळ्या कोटासारखी खांद्यावर टाकली आणि सुरुवात केली. "माय लॉर्ड, प्रकरण स्कूटीचं आहे. खालच्या दोन्ही कोर्टांनी..."

नानांनी चष्मा काढला, घडी केली आणि म्हणाले, "माझ्यासमोर नको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. 'माझ्यासमोर नको' म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. एखाद्या प्रकरणात न्यायमूर्तींचा स्वतःचा संबंध असला, की ते एवढंच म्हणतात आणि कागद दुसऱ्या न्यायमूर्तींकडं जातात. कारण सांगायलाच पाहिजे असं नसतं, आणि वकिलानं विचारायचं नसतं.

"पण का, नाना?"

"विचारायचं नसतं."

"मी नात आहे म्हणून? गच्चीच्या केसमध्येपण नातच होते की."

"तुझ्या आत्यासमोर ठेव. उद्या येतीय ती." आणि ते उठून गॅलरीत गेले.

उठताना त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात दाबला. खोलीत बामचा वास होता. सून विरुद्ध नात असलं प्रत्येक भांडण या माणसानं आवडीनं चालवलं होतं. मग याच प्रकरणात त्यांचा असा कोणता संबंध होता?

गुडघा डावा. इंडिकेटर डावा.

मी मैदानात असते तर तिथंच खो दिला असता.

पण दिला नाही, कारण पुढचं मला माहीत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आईनं नानांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नाना, पुन्हा गाडीला हात लावला तर एकट्याला गेटच्या बाहेर सोडणार नाही." आई बोलते ते करते. मी नाव घेतलं की माझं बीड नक्की, आणि नानांचा बुधवार कायमचा बंद. नाही घेतलं तर माझं बीड गेलं. आणि त्यांचं वागणं बघा. चाळीस वर्षं कोर्टात घालवलेल्या माणसाला खोटं बोलून अपील फेटाळणं एकदम सोपं होतं. ते त्यांना जमलं नाही. कायद्याप्रमाणं बाजूला झाले आणि तिथंच सापडले.

शुक्रवारी संध्याकाळी मुक्ताआत्या आली. आत्या म्हणजे नानांची मुलगी, हायकोर्टातच वकील आहे आणि मागच्या गल्लीत राहते. कोर्टातून थेट आमच्याकडं येते, कारण तिच्या मते तिच्या घरच्या चहात चहा नसतो. ती सोफ्यावर बसली. आई समोर खुर्चीत. नाना कोपऱ्यात सीताफळ घेऊन बसले, बाहेरच्या माणसासारखे.

मी उभी राहिले. रात्रभर तयार केलेलं भाषण होतं. "न्यायाच्या या पवित्र मंदिरात एक निष्पाप बालिका..."

"अपेक्षा, चहा गार होतोय," आत्या म्हणाली. "दोन्ही कोर्टांनी एकच निकाल दिलाय. तो फिरवायचा तर त्यात चूक दाखव. निष्पाप आहेस का नाही ते नंतर बघू."

"मला कुणी गाडी चालवताना पाहिलं नाही."

"बसलेलं पाहिलंय," आई म्हणाली.

"बसणं गुन्हा नाही."

"भुर्र करणं?"

"वहिनी, तुमची बारी आली की बोला," आत्या म्हणाली. "अपेक्षा, अजून?"

अजून काहीच नव्हतं. म्हणजे होतं, कोपऱ्यात सीताफळ खात होतं. मी नानांकडं बघितलं. ते एकच बी किती वेळ चोखत होते. मला म्हणता आलं असतं, 'आत्या, आधीच्या न्यायमूर्तींनी हे प्रकरण का सोडलं ते विचार.' पण ते विचारायचं नसतं. आणि नवी भाकरी थापायची नसते.

"एवढंच असेल तर अपील फेटाळावं लागेल, बाळा," आत्या हळूच म्हणाली.

"एक मिनिट," मी म्हणाले. "खाली जी साक्ष झाली ती तू अजून ऐकलीच नाहीस. आईला सांगू दे. जशी सांगितली तशीच."

खरं तर मी नुसता वेळ काढत होते. पण आईला ती गोष्ट सांगायला इतकी आवडायची की मालनमावशींना, दूधवाल्याला आणि पतसंस्थेच्या मॅनेजरना ती पाठ झाली होती. तिनं पदर सावरला आणि सुरू झाली. इंडिकेटर, ओरखडा, आणि मग तिचं लाडकं वाक्य. "आरशात रस्ता दिसंना, नुसतं आभाळ. आरसा खाली वळवला तेव्हा कुठं मागचं दिसलं."

आत्याचा कप ओठाजवळ थांबला. माझ्या डोक्यातपण त्याच वेळी ट्यूब पेटली.

"आई, काय केलंस? खाली वळवला?"

"मग? आभाळ बघत जाऊ का कामाला?"

"आई, मी केवढी आहे?"

"केवढी म्हणजे?"

मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. तिला उठवलं. माझं डोकं तिच्या खांद्याशी. "मी आरसा लावला असता तर माझ्या डोळ्यांप्रमाणं लावला असता. मग तुला त्यात रस्ता नाही तर तुझीच मांडी दिसली असती. तुला तो वर वळवायला लागला असता. तुला आभाळ दिसलं म्हणजे आरसा तुझ्यापेक्षा उंच माणसानं लावला होता."

नानांच्या बशीत टक्कन बी पडली.

"ही साक्ष दोन्ही कोर्टांसमोर होती," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम कोर्टातला झाला होता. "आणि दोघांनीही ती वाचली नाही. एकानं तर बहुतेक कॉलच ऐकला नाही. वहिनी, तुमच्याच तोंडच्या पुराव्यानं आरोपी सुटतीय. अपील मंजूर. शिक्षा रद्द. बीडला जायला हरकत नाही."

मी उडी मारली. आई मात्र खाली बसली नव्हती.

"मग गाडी कुणी नेली?"

"तो प्रश्न या अपिलात नाही," आत्या म्हणाली आणि घाईनं चहा प्यायली. तिलापण कळलं होतं.

"मुक्ताताई, ते तुमच्या कोर्टात. माझं तालुका कोर्ट अजून उघडं आहे." आई विचार करायला लागली. "माझ्यापेक्षा उंच, म्हणजे अपेक्षाचे पप्पा. ते तर सोयगावला." मग ती सावकाश कोपऱ्याकडं वळली. "नाना, जरा उभे राहता का?"

नाना उभे राहिले. ते उभे राहिले की पंख्याची काळजी वाटते.

"गुन्हा कबूल आहे," नाना म्हणाले. "पण शिक्षेआधी आरोपीचं ऐकून घ्यावं लागतं. कायदा आहे."

"बोला."

"बागेत नव्हतो गेलो. दर बुधवारी कोर्टात जातो. मागच्या बाकावर बसतो, युक्तिवाद ऐकतो. एवढंच." त्यांनी हात पुसले. "रिक्षानं जायचो. परवा खिळ्याला किल्ली दिसली. वाटलं, बघू तरी जमतं का. जमलंपण. वळताना कोर्टाच्या दाराशी खांब आला."

"खांब आला? चालत?"

"खांब होताच म्हणा."

"आणि पोरीचं बीड जात होतं ते?"

"उद्या सकाळी सांगणारच होतो," नाना म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "पण वाटलं, अपील कसं चालवते ते बघावं. चांगलं चालवलंस. भाषण सोडून."

आई हसू दाबत होती, हे मला आणि आत्याला दिसत होतं, पण कोर्टात असं दाखवायचं नसतं. तिनं खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "गाडी कायमची बंद. इंडिकेटरचा खर्च आरोपीकडून. आणि बुधवारी मी कामाला जाताना कोर्टाशी सोडेन. मागं बसून यायचं, हेल्मेट घालून. मान्य?"

"हेल्मेटवर अपील करता येईल का?" नानांनी विचारलं.

"करा की. लावू का सोयगावला?"

नाना खाली बसले.

आम्ही बीडला सेमीफायनलपर्यंत गेलो. मी कशी खेळले ते मी सांगणार नाही, कारण ते सांगायला लागले की मी थांबत नाही. पुढच्या बुधवारी सकाळी मी शाळेत निघाले तर पार्किंगमध्ये नाना आईच्या मागं बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि वर माझं गुलाबी हेल्मेट.

"आता जालना रोडपर्यंत मागं बसून करू काय मी?" ते कुरकुरत होते.

"आभाळ बघा," आई म्हणाली आणि तिनं स्कूटी सुरू केली.