शेजारचं मशीन

माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रतिक्षाचा, मला हेवा वाटतो. सरळच सांगते, आडपडदा कशाला? मी दहावी झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात युनिफॉर्मच्या कारखान्यात कॉलर शिवायला बसले. ही मात्र आयटीआयला गेली, इलेक्ट्रिशियन व्हायला. घरी आली की पंखा उघडून बसायची आणि मला वायरींचे रंग सांगायची. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

मी वर्गात पहिल्या पाचात होते. तरी दहावीनंतरच्या चार वर्षांत शाळेतलं कुणी 'पुढं का शिकत नाहीस' असं साधं विचारायला आलं नाही. ते तर फारच डाचायचं.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. शेजारचं मशीन रिकामं झालं की आधी आपल्या घरच्या पोरीला विचारतात. माझ्या शेजारच्या नागम्माचं लग्न ठरलं, तसं मी शेठला परस्पर सांगून टाकलं, माझी बहीण येईल. घरी आईला म्हटलं, "आनखी एक वरीस शिकून काय दिवे लावणार हाय ती?" आईचे गुडघे गेलेले, धुण्याभांड्याची दोन घरं सुटलेली. तिला पटलं. प्रतिक्षा तीन दिवस रडली, मग गप्प बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आठवडाभर ती वर्गात दिसली नाही, म्हणून रविवारी तिच्या पंचाक्षरी मॅडम स्कूटीवरून थेट आमच्या दारात आल्या. आईनं प्रतिक्षाला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेर आली.

"ती होटगीला गेलीया की, मामाकडं. मामी लई आजारी हाय."

"कधी येईल?"

"काय सांगता येत न्हाय बगा."

मॅडम जरा घुटमळल्या. "पोरीचा हात चांगला आहे हो. एकच वर्ष राहिलंय. आली की पाठवा," म्हणाल्या आणि वळल्या.

एका पोरीसाठी एवढी धावपळ! माझा जळफळाट झाला. तरी हसून आईला म्हटलं, "काय झ्याक थाप मारलीस गं!"

"त्यात काय? तुज्या शाळंच्या सरास्नी बी हेच सांगितलं हुतं. तीनदा आलं हुतं बिचारं."

बोलून गेल्यावर आईनं जीभ चावली.

तीनदा. तेव्हा मी कारखान्यात कॉलरी उलटवत बसले असणार. अनवाणीच पळत सुटले आणि कोपऱ्यावर स्कूटीला आडवी झाले.

"मॅडम, प्रतिक्षा घरातच हाय. होटगीला कुनीच गेलं न्हाय."

मॅडम माझ्याबरोबर परत आल्या. प्रतिक्षा सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली. "उद्या येते मॅडम," एवढंच म्हणाली. आईनं मान खाली घातली.

तेव्हाही मला प्रतिक्षाचा हेवाच वाटला. तिच्यासाठी धावायला मी होते.