आखूड हौद्याचं पाचवं चाक

चाकाचा शोध हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. चाक आलं म्हणून माणूस रानातून गावात आला, गावातून बाजारात गेला, आणि बाजारातून त्याला परत घरी आणायची सोयही चाकानेच केली. आमच्या राहू गावचा संपत या शोधात जरा उशिरा सामील झाला. त्याला पाचवं चाक हवं होतं. शिमगा झाला, अखिती झाली, तरी ते दौंडलाही मिळालं नाही आणि शिरूरलाही.

संपत म्हणजे माझ्या शेजारच्या गेणबांचा थोरला. एके काळी या घराची मेंढरं पार कोकणापर्यंत चरून यायची. आता ऊस आहे, गाई आहेत, आणि दारात डबल केबिनची पिकअप आहे. डबल केबिन ही सूनबाईंची, मोनिकाची अट. "मी काय हौद्यात बसू व्हय, कांद्याच्या गोण्यांवर?" असं तिने शोरूममध्येच विचारलं होतं. त्यामुळे माणसांना मागची सीट मिळाली आणि माल भरायचा हौदा आखूड झाला. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग संपतने पुण्याच्या एका हौशी साहेबाकडून चाकांवरचं घर विकत घेतलं. आत पलंग, शेगडी, पंखा. ते ट्रकवर लादून आलं आणि अंगणात उतरलं. कारण एकच. संपतच्या आईला, बयाबाईंना, न्हावऱ्याला बहिणीकडे जायचं होतं. थोरली बहीण सरूबाई दिवाळीपासून अंथरुणाला लागलेली. "येकदा डोळ्यांनी बघून येते," एवढंच बयाबाईंचं म्हणणं. पण त्यांचे गुडघे धरलेले.

"माझी आई आता यष्टीत धक्के खात न्हाई जायची," संपतने जाहीर केलं. "झोपून जाईल. पंख्याखाली."

"कवा?" बयाबाईंनी विचारलं.

"हुक बसला की."

इथून माझा संबंध येतो. घरासोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे घर गाडीच्या मागच्या हुकाला लावू नये, हौद्यात बसवलेल्या 'फिफ्थ व्हील' नावाच्या हुकाला लावावं. मी त्याचं भाषांतर 'पाचवं चाक' असं केलं. भाषांतर अचूक होतं. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

दौंडला स्पेअरपार्टच्या दुकानात दत्ता बसतो. "पाचवं चाक पाहिजे," संपत त्याला म्हणाला.

"टायरसकट देऊ का नुसती डिस्क?"

"तसलं न्हाई. ह्याला चाक नसतं."

"चाकाला चाक नसतं?"

"अरे, जाड लोखंडी ताट असतं. त्याला खाच. ट्रेलरची खुंटी त्यात अडकती."

"मग त्याला चाक कशापायी म्हणता?"

संपतने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. दत्ताने शेवटी एक स्टेपनी काढून आमच्यापुढे लोटली. "न्या. हेच पाचवं. बाकीची चार गाडीला हायतीच." आम्ही ती घेऊन आलो. दौंडला जाऊन रिकाम्या हाताने परत येणं बरं दिसत नाही.

शिरूरला हौसराव भेटला. तो मोठमोठ्या ट्रेलरांची कामं करतो, त्यामुळे त्याला नाव ऐकताच वस्तू कळली. पण त्याच्याकडची वस्तू अशी होती की ती हौद्यात ठेवली असती तर पिकअपला दुसरं काही ओढायची गरजच उरली नसती. "बारकं बनवून देतो," म्हणत तो माप घ्यायला राहूला आला. गाडीभोवती फिरला, टेप लावला, मान हलवली.

"घोडा आखूड हाय तुमचा."

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला या धंद्यात घोडा म्हणतात. गेणबा ओसरीवर डुलक्या घेत होते, ते खाडकन जागे झाले. उभी हयात त्यांचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर फिरलेलं.

"घोडा आखूड नसतो. वझं बांधायला चुकलं आसंल. दात बघितलं का?"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

"हे बघा," हौसराव म्हणाला, "हुक पाहिजे मागच्या आसाच्या बरोबर वर. पर हौदा आखूड, म्हंजी घराचं तोंड केबिनला चिकटणार. सरळ गेलात तर कायबी न्हाई. वळलात की घराचा कोपरा काचेवर."

"मग सरळच जाऊ," संपत म्हणाला.

"न्हावऱ्यापर्यंत?"

संपत जरा विचार करून म्हणाला, "बसव तर खरं."

बसवला. अंगणातल्या अंगणात पहिलं वळण घेतलं आणि केबिनची मागची काच मागच्या सीटवरच्या मोनिकाच्या मांडीवर आली.

"डोकं वाचलं माझं," ती काचा झटकत म्हणाली. "काच वाचून डोकं गेलं आसतं तर तुम्हाला बरं झालं आसतं. दौंडची खेप वाचली आसती."

मग हुक पार मागे, आसाच्याही मागे नेला. घर टेकवताच मागची बाजू बसली आणि पिकअपने पुढची चाकं अशी उचलली की जणू आम्हाला आशीर्वाद देत होती.

तेवढ्यात न्हावऱ्याहून सरूबाईंच्या सुनेचा, गिताबाईचा फोन आला. "मावशी, कवा येताय? आत्याबाई आता कुणाला वळखत न्हाईत. काल मलाच बया म्हणून हाक मारली."

बयाबाईंनी फोन ठेवला आणि संपतकडे पाहिलं. "कवा?"

"हुक बसला की, आई! मी काय बसून हाय का?" संपत ओरडला, आणि ओरडल्याचं वाईट वाटून परत त्याच हुकाला लाथ मारून आला.

शेवटी मोबाइलवर एका व्हिडिओत एक अमेरिकन गृहस्थ सापडला. आखूड हौदा हे जणू आयुष्यातलं परमसुख असल्यासारखा तो हसत सांगत होता की यावर सरकता हुक असतो. त्यातला एक प्रकार वळणावर आपोआप सरकतो. दुसऱ्या प्रकारात माणसाने उतरून दांडा ओढायचा, हुक मागे सरकवायचा, वळायचं, आणि परत पुढे आणायचा. मी भाषांतर केलं. आता कुणी माझ्याकडे कौतुकाने पाहत नव्हतं.

"आपोआपवालं मला जमायचं न्हाई," हौसराव म्हणाला. "दांड्याचं जमंल. पर दर वळणाला उतरायचं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हौसरावने दांड्याचा हुक बसवून दिला, दौंडहून नवी काच आली, आणि निघायचा दिवस उजाडला. मोनिकाने हळदकुंकू वाहिलं, गेणबांनी बॉनेटवर थाप मारून नारळ फोडला. बयाबाई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, चाकांवरच्या घरातल्या पलंगावर बसल्या. खटकन् घर जोडलं गेलं. गाडी फाटकापर्यंत सरळ गेली, आणि तिथे वळण आलं.

मी उतरलो. दांडा ओढला. तो हलला नाही.

"आप्पा, जोर लावा की!" संपत ओरडला.

"लावतोय!"

"ढिम्म हलंना झालंय! आप्पा, तुम्ही उलटा तर वढत न्हाई ना?"

"उलटं काय असतंय त्यात?"

"व्हिडिओत बघा!"

व्हिडिओ लागेना, कारण फाटकापाशी रेंज नाही. मी हौद्यात चढून दांड्यावर अक्षरशः लोंबकळलो. मोनिका खालून "हां, हां, आता," म्हणत होती. एकदाचा हुक सरकला. गाडी वळली, काच शाबूत राहिली, आणि संपत घाम पुसत खाली उतरला. समोरच, देवळापाशी, दुसरं वळण होतं. त्यापुढे पाण्याच्या टाकीचं. त्यापुढे भीमेच्या पुलापर्यंतची सगळी.

"येक झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. बयाबाई पिशवी सांभाळत, दाराला धरून, हळूहळू पायऱ्या उतरल्या. हौद्यात दांड्याला टेकून धापा टाकणाऱ्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मग संपतकडे, मग देवळापाशी वळणाऱ्या रस्त्याकडे.

"संपत, येक काम करशील का रं?"

"बोल की, आई."

"मला तेवढं फटफटीवर फाट्यापर्यंत सोड. न्हावऱ्याच्या यष्टीची येळ झालीया."