आधी बंद, मग बदल

अण्णांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच हातची चिठ्ठी होती: ‘आधी बंद, मग बदल.’ बसची तिकिटं विकणारा त्यांचा सर्व्हर मुलखाचा हेकट. तो चालू असताना सेटिंगच्या फाइलीत काही बदललं, तर बंद होताना हा पठ्ठ्या आपलंच घोडं दामटायचा आणि फाइल होती तशी लिहून ठेवायचा.

त्या फाइलीत अण्णांचा फोन नंबर होता. सर्व्हर जरा कण्हला की अण्णांचा फोन वाजे. बावीस वर्षं! जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, मेहुणीच्या लग्नात. “जा, माझी सवत रडतेय,” म्हणत बायको ताट झाकून ठेवायची. आज अण्णा निवृत्त होत होते आणि नंबर जागच्या जागी होता.

महिनाभर ते साहेबांच्या मागे लागले होते. “दहा मिनिटं बंद करू द्या.”

“बंद? मग तिकिटं कोण विकणार, तुम्ही? चालू असतानाच बदला की.”

अण्णांनी तसंही तीनदा केलं. दर रविवारी सर्व्हर आपला आपण बंद होऊन क्षणात उठे, की नंबर पुन्हा हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

निरोपसमारंभाला माइक हवा होता. साहेबांनी उत्साहाने स्वतःच एक प्लग उपटून तिथे माइकचा खुपसला. उपटलेला प्लग सर्व्हरचा होता.

तिकीटखिडकीवर ओरडा सुरू झाला. अण्णा धावले. मशीन सुरू केलं, पण त्यावरचा सर्व्हरचा प्रोग्राम उठवण्याआधी फाइल उघडली. नंबर त्यांनी एकेक आकडा करून सावकाश पुसला. सवत झाली तरी बावीस वर्षं घरातलीच. पण रिकामी जागा सर्व्हरला चालत नव्हती, आणि अण्णांच्या जागी माणूस नेमायचं साहेब सहा महिने विसरत होते. अण्णांना पाठ असलेला दुसरा नंबर एकच होता. तो त्यांनी लिहिला.

साहेब भाषणाला उभे राहिले. “अण्णांमुळे सर्व्हर कधी रडला, हे आम्हाला कळलंसुद्धा नाही...”

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कापला. पुन्हा वाजला.

“कोण आहे हा?”

“सर्व्हर, साहेब. उठला की कळवतो.”

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या बायकोने पर्स खांद्याला लावली.

“अण्णा, हे आत्ताच्या आत्ता बदला!” साहेब ओरडले.

“बदलतो की,” अण्णा म्हणाले. “फक्त दहा मिनिटं बंद करायची परवानगी द्या.”