शालिकरामच्या कुंपणाचा तरोटा

मित्रांनो, मी एक जुना तरोटा आहे. नाकाला पदर लावायचा असेल तर खुशाल लावा, मला सवय आहे. माझ्या पानांना उग्र वास येतो हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. रामपायलीहून वारासिवनीकडे जाताना एक गाव लागतं, तिथल्या शालिकरामच्या कुंपणाला लागून मी राहतो. कार्तिकात वाळतो, शेंगा फुटतात, बी तिथंच पडतं आणि पाऊस आला की पुन्हा मीच वर येतो. मला कोणी पेरलं नाही, कोणी तांब्याभर पाणी घातलं नाही, त्यामुळे मी कोणाचं काही देणं लागत नाही. हिंदी बोलणारे मला चरोटा म्हणतात. नाव काही का असेना, उपटायला सगळे सारखेच पुढे.

माणसांबद्दल माझं मत काही बरं नाही. आषाढात माझी पानं कोवळी असतात तेव्हा बायका ती खुडून नेतात. लसूण, वाळलेली मिरची, भिजवलेली चण्याची डाळ, आणि कढईत मी. बोटं चाटून खातात. अंगावर गजकर्ण उठलं की माझं बी आंबट ताकात वाटून लावतात. मग भादव्यात मला पिवळी फुलं आली की त्याच बायका म्हणतात, "काय मेला कचरा माजला!" यांच्यापेक्षा ढोरं शहाणी. ती मला हुंगतात आणि तोंड फिरवतात. शेंगा भरल्या की माझ्यात विष असतं, आणि ते ढोराच्या पायांतली ताकद काढून घेतं. ढोराला हे नाकानं कळतं. माणसाला नाक आहे, पण ते फक्त वर करायला.

आमचा शालिकराम तर नाक वर करण्यात पहिला. त्यानं पोरासाठी, प्रेमलालसाठी, वारासिवनीची मुलगी पाहिली. मुलीचा बाप घनश्याम तिथल्या एका धानगिरणीत मिस्तरी होता. बैठकीत शालिकरामनं मिशीवर हात फिरवत सांगून टाकलं, "आमच्या घरी रानचा पाला रांधत नाहीत, इवाई." इवाई म्हणजे व्याही. घनश्यामनंही मोठ्या गंभीरपणे मान हलवली. आदल्याच दिवशी शालिकराम मला दोनदा वाढून घेऊन जेवला होता! मी कुंपणावरून ऐकत होतो. हसता आलं असतं तर पोट धरून हसलो असतो.

सून घरात आली. तिचं नाव पुष्पलता. तेव्हापासून शालिकरामची बायको गोदाबाई मला चोरून नेऊ लागली. शेणाच्या टोपल्याखाली मी, वर शेण. मग सुनेला विहिरीवर पिटाळायचं, ती येईपर्यंत मला रांधायचं, नवरा-बायकोनं घाईघाईनं खायचं, आणि सुनेच्या ताटात वांगं. पोरगी परत आली की दारातच थबकायची. लसणाचा आणि माझा वास काय झाकून राहतो? पण ती कधी काही बोलली नाही. मला वाटायचं, भोळी आहे. माणसाच्या जातीत भोळेपणाही नसतो, हे मला नंतर कळलं.

मग पासष्टचं साल आलं आणि पाण्यानं दगा दिला. धान जागच्या जागी वाळलं. जुनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, गव्हाणीच्या तळाला गेली. बांधावर गवताची काडी नव्हती. हिरवा होतो तो मी एकटा, अंगभर लांब शेंगा घेऊन. शालिकराम आणि प्रेमलाल दिवसभर चाऱ्यासाठी गावोगाव हिंडत, आणि चांद्या बैलाचं पाहणं सुनेकडे आलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो बैल घराचा आधार होता. पुष्पलतेलाही त्याचा लळा होता. उपाशी ढोर पाहून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तिनं एका सकाळी माझ्याकडे बोट दाखवलं. "माय, हे कुंपणाजवळचं ढोराले चालते का?"

गोदाबाईनं माझ्यावरची नजर काढून घेतली. ओळख दाखवली तर खाणंही कबूल करावं लागेल, ही तिला धास्ती. ती म्हणाली, "कोणतं व? मले नाही माहीत ते काय आहे ते."

ऐकलंत ना? त्याच आषाढात जिनं मला टोपलीभर नेलं होतं, ती मला ओळखत नव्हती! एवढा राग मला उपटणाऱ्याचाही कधी आला नाही.

पुष्पलतेनं विळ्यानं मला कापलं, शेंगांसकट बारीक केलं आणि तणशीत कालवलं. चांद्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पण तिनं त्यावर पेज ओतली, मीठ टाकलं, त्याची मान खाजवली. भुकेनं शेवटी त्यानं खाल्लं. असं रोज चाललं. आधी त्याचं मूत काळपट झालं. मग मागचे पाय लटपटू लागले. मग तो कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बसला तो उठलाच नाही. शालिकरामनं तापल्या लोखंडाचा डाग दिला, देवऋषी आणला, नारळ फोडला. गव्हाणीत वाकून मात्र कोणी पाहिलं नाही. चांद्या मेला. त्याला माझ्या विषानं मारलं, आणि माझा त्याच्यावर काहीच राग नव्हता, तो माझ्याशी कधी खोटं वागला नव्हता.

आता दोष कोणाचा? शेजारची जिजाबाई सांत्वनाला म्हणून आली आणि म्हणाली, "सून पांढऱ्या पायाची दिसते व बाई. पाणीही गेलं, बैलही गेला." झालं! जो शालिकराम देशी खत की सरकारी खत यावर गावाला शहाणपण शिकवायचा, त्याला हे लगेच पटलं. त्यानं वारासिवनीला निरोप धाडला, तुमची मुलगी घेऊन जा. प्रेमलाल? तो ओसरीच्या खांबाला टेकून नखं कुरतडत बसला. असा नवरा मला कुंपणालाही नको.

घनश्याम दुपारच्या मोटारीनं आला. पुष्पलतेची पत्र्याची पेटी अंगणात काढून ठेवलेली होती. ती पेटीशेजारी उभी होती आणि रडतही नव्हती. एकदा गेली की तिला परत कोणी आणणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि सगळ्या गल्लीलाही.

बोलणी चालू असताना गोदाबाई गव्हाण झाडायला कोठ्यात गेली. हात घातला तर तळाशी माझ्या शेंगा. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, टाक आता उकिरड्यावर. तुला काय, तू तर मला ओळखतही नाहीस. खरं सांगतो, त्या बाईकडून माझी काडीची अपेक्षा नव्हती.

ती मूठ आवळून बाहेर आली आणि शेंगा घनश्यामच्या पुढ्यात टाकल्या.

"तरोटा होय हा, इवाई. यानं बैल मेला. पोरीनं मले विचारलं होतं, मी म्हटलं मले माहीत नाही. मले माहीत होतं. आम्ही दरसाल खातो. मी शेणाखाली लपवून आणतो न् रांधतो."

"गोदे, काय बोलून राह्यली तू?" शालिकराम उठलाच.

"खरं बोलून राह्यली. तुम्ही बसा."

 घनश्यामनं एक शेंग उचलली, बोटात फिरवली आणि खाली मान घालून म्हणाला, "आमच्याही घरी होते. गिरणीच्या मागं उगवते. पोरीच्या मायनं बजावून धाडलं होतं का सासरी ओळख दाखवजो नको."

पुष्पलतेचा बांध तेव्हा फुटला. "मले वाटलं, आपण खातो त ढोराले काय होते. आमच्या घरी ढोर कधी होतं? अन् पुसाले गेलो त तुम्ही माहीत नाही म्हटलं."

पाहिलंत? दोन घरं, दोन्ही चुलींवर मी, आणि दोघं एकमेकांपासून मला लपवत बसले. त्यात गेला कोण, तर ज्यानं मला एका हुंगण्यात ओळखलं होतं तो. यावर मी काय बोलू? थुंकता येत नाही म्हणून गप्प आहे.

गोदाबाईनं स्वतः पेटी उचलून आत नेली. शालिकराम अडवायला गेला नाही. मग ती सुनेचा हात धरून कुंपणाशी आली. माझी एक फांदी वाकवली आणि भर दुपारी, गल्लीतल्या बायकांच्या देखत, मोठ्यानं सांगू लागली, "हा तरोटा. कोवळा असते तवा भाजी करावं. फूल आलं का मंग हात लावायचा नाही, ढोराले त बिलकुल नाही."

त्या घरातून माझं नाव मोठ्यानं घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझी मान जराशी ताठ झाली, हे कबूल करतो. तरी तुमच्याबद्दलचं माझं मत तेच आहे. एवढीशी गोष्ट सांगायला तुम्हाला एक मेलेला बैल लागतो. मित्रांनो, मला खा, मला उपटा, माझ्या नावानं बोटं मोडा. पण माझी लाज धरू नका, धरायची तर भीती धरा. आणि घरात नवीन आलेल्या माणसानं काही विचारलं, तर माहीत असलेलं सांगून टाका.