एकोणिसावा दगड

आधीच सांगून टाकतो, मला स्वच्छतेचं वेड वगैरे काही नाही. तसं आमची ही म्हणते, आणि तिच्या बहिणी माना डोलावतात. तेहेतीस वर्षं मी शहराला पाणी पाजलं. जलशुद्धीकरण केंद्रावर रोज सकाळी पाण्याचा नमुना तपासायचा आणि रजिस्टरात लिहायचं, ‘जिवाणू : शून्य. पाणी योग्य.’ खाली सही. तेहेतीस वर्षांत त्या शून्याचा एक झाला नाही. पाठीमागे लोक मला क्लोरीनसाहेब म्हणायचे. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगू का, आवडायचंसुद्धा.

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात, एके दिवशी जेवताना ही म्हणाली, “अहो, तो मासा आपण आणू या का?”

माझा घास हातातच राहिला. मासा म्हणजे दातांच्या डॉक्टरकडचा. वर्षभर हिच्या दाढांचं काम चाललं होतं, एक झाली की दुसरी. तिथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फूट लांब टाकी होती आणि तिच्यात एकच मासा. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढा. कुणी आत आलं की काचेशी येऊन त्याला नखशिखांत न्याहाळायचा, म्हणून पेशंट त्याला कंपाउंडर म्हणायचे. आतलं मशीन घुर्र करू लागलं की ही पर्स घट्ट धरून कंपाउंडरकडे बघत बसायची. आता डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला निघाला होता, आणि टाकीसकट मासा कुणीतरी न्या म्हणत होता.

आता लक्षात घ्या, एकतीस वर्षांच्या संसारात हिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दागिना नाही, सहल नाही, ‘आज जरा लवकर या’ एवढंसुद्धा नाही. आणि पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं ते काय, तर चौदा वर्षांचा म्हातारा मासा! मी तिथल्या तिथे ठरवलं, हा मासा जगलाच पाहिजे. नुसता जगून उपयोग नाही, थाटात जगला पाहिजे.

टेम्पोतून टाकी उतरली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. काचेवर क्षाराचे पांढरे थर, कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं पडलेलं, झाकणातल्या दोन ट्यूबपैकी एक गेलेली आणि दुसरी जायच्या बेतात. प्रवाळ कधीच मरून गेले होते. उरले होते नुसते दगड, आणि त्या दगडांवर काय होतं म्हणून सांगू! तपकिरी शेवाळ, जांभळा राप, बुळबुळीत काहीतरी. मी नाकाला रुमाल लावला. ही मात्र मासा ठेवलेल्या टबाशी बसून, “आलं हं घर, आलं,” असं त्याला सांगत होती. मला असं कधी कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरनं सामानाची यादी दिली होती. टाकी एक, स्टँड एक, मोठा पंप एक, हवेचा छोटा पंप एक, दगड एकोणीस, मासा एक. मी मोजले तर दगड अठरा, आणि छोटा पंप गायब. मी टेम्पोवाल्याला फोन लावला.

“साहेब,” तो म्हणाला, “घरी बायकोचा भाऊ येऊन राहिलाय. आणखी दगड कशाला नेऊ?”

मग डॉक्टरला लावला. “डॉक्टर, एक दगड कमी आहे.”

“तुमच्या दाढेचं काम मी केलंय का?”

“नाही.”

“मग ही भूल कशाची चढलीय?” म्हणून त्यानं फोन ठेवला. निवृत्त माणसाची किंमत ही अशी. हिला विचारलं, तर ती म्हणाली, “यादीच चुकली असेल,” आणि शिवणाच्या टेबलाकडे निघून गेली. ही कपडे शिवते. तिचं टेबल आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी असतं, आणि त्याच्याखाली चिंध्यांचे गठ्ठे.

पुढचे तीन आठवडे मी राबलो म्हणजे राबलोच. व्हिनेगर आणि ब्लेड घेऊन क्षार खरवडला. जुनं सिलिकॉन काढून नवं भरलं, दोन दिवस टाकी गच्चीत भरून ठेवली, थेंब गळला नाही. स्टँड अर्धं बोट कलत होता, त्याखाली रबराची पट्टी सारली. नवा एलईडी दिवा आणला, नवा पंप, नवा हीटर, आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वर ओढून काढणारं एक यंत्र. आणि दगड! एकेक दगड तारेच्या ब्रशनं घासला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात चार दिवस बुडवला, वर उकळून काढला आणि उन्हात वाळवला. असे पांढरेशुभ्र निघाले की शेजारी बघायला आले. ब्लीचचा अंशसुद्धा उरला नाही ना, हे तीनदा तपासलं. अहो, क्लोरीनचं मला कुणी शिकवायचं?

तोवर कंपाउंडर हिच्या ताब्यात, टबात. रोज सकाळी ही त्याचं थोडं पाणी काढायची आणि बादलीत कालवलेलं ताजं खारं पाणी घालायची. काढलेलं पाणी कुठे नेते, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर बायकोनं काढलेलं पाणी कुठे जातं, हे कोण विचारतं?

याच दिवसांत माझ्या कानात आवाज सुरू झाला. बैठकीत बसलो की बुडबुड, बुडबुड. शिवणयंत्र बंद असलं तरी बुडबुड. हिला म्हटलं, तुला येतो का ऐकू? “नाही बाई,” म्हणाली. माझं धाबं दणाणलं. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाला, “इतके स्वच्छ कान मी आजवर पाहिले नाहीत. थोडा मळ राहू द्या, तो कामाचा असतो.” डॉक्टरसुद्धा हल्ली काहीही बोलतात.

रविवारी सकाळी टाकी भरली. खारं पाणी आरशासारखं, दगड मोत्यासारखे, वर निळसर दिवा. हिनं कंपाउंडरला ओंजळीतल्या वाडग्यानं अलगद सोडलं. तो एक फेरी मारून आला, मला न्याहाळलं, आणि मी खरोखर ताठ उभा राहिलो. “छान झालंय हो,” ही म्हणाली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मला असं प्रशस्तिपत्रक मिळालं नव्हतं.

मंगळवारी कंपाउंडरनं खाणं सोडलं. बुधवारी सकाळी तो वर पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून धापा टाकत होता, आणि ही समोर स्टुलावर बसली होती. दाढा काढल्या तेव्हाही हिचा चेहरा असा नव्हता.

मी बाटलीत पाण्याचा नमुना घेतला आणि ॲक्वेरियमच्या दुकानात धावलो. दुकानाची मालकीण चष्मा कपाळावर चढवून मासे मोजत होती. तिनं नमुन्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं.

“अमोनिया,” ती म्हणाली. “माशाच्या घाणीचं विष. दगड जुनेच आहेत ना?”

“जुनेच. पण चकचकीत आहेत!” मी छाती काढून म्हटलं. “ब्रशनं घासले, ब्लीच केले, उकळले.”

ती खाली बसली. खुर्ची नव्हती, तरी बसली.

“काका,” ती म्हणाली, “त्या दगडांत जिवाणू असतात. माशाचं विष तेच खातात. दगड म्हणजे शोभेची वस्तू नाही हो, तो टाकीचा सफाई कामगार. तुम्ही अख्खं सफाई खातं उकळून काढलंत!”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिवाणू शून्य. चौतिसाव्या वर्षीही शून्यच!

“मग आता?”

“रोज निम्मं पाणी बदला, आणि कुठून तरी चालत्या टाकीतला जिवंत दगड आणा. नुसत्या पाण्यावर नवे जिवाणू वाढायला दीड महिना लागतो, म्हातारा मासा तेवढा टिकणार नाही. माझ्याकडचे दगड संपलेत, नवे यायला महिना आहे.”

घरी येताना स्वतःलाच म्हणत आलो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! हिनं एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली, आणि ती मी धुऊन मारली. दारातच उभा राहून मी सगळं सांगून टाकलं, एक शब्द न लपवता. “माझं चुकलं,” म्हटलं. हे वाक्य या घरात मी पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण ही दचकून उठली.

“म्हणजे न धुतलेला दगड हवाय?” तिनं विचारलं.

“हवाय, पण आणू कुठून?”

ती शिवणाच्या टेबलाखाली वाकली. चिंध्यांचा एक गठ्ठा बाजूला केला, दुसरा केला. मागे झाकणाची बादली होती. झाकणाला भोक, भोकातून नळी, आणि नळीच्या टोकाला तो हरवलेला छोटा पंप. बुडबुड, बुडबुड. बादलीत दगड होता, कुकरएवढा. तपकिरी, जांभळा, बुळबुळीत, जसाच्या तसा. एकोणिसावा!

“माझे कान!” मी म्हणालो. “कानाच्या डॉक्टरपर्यंत जाऊन आलो मी!”

“बघितलं ना ते. वाईट वाटलं मला,” ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग बोट दाखवून म्हणाली, “हे बघा. याच्यासाठी ठेवला.”

दगडाच्या एका भोकातून बारीक पिसांचा तुरा बाहेर आला होता, मंगळसूत्राच्या मण्याएवढा. मी खाकरलो, तसा झटकन आत गेला.

“त्यात कुणीतरी राहतं हो. तिकडे दवाखान्यात मशीन सुरू झालं की हा असाच आत लपायचा. मी म्हणायचे, चल, भिणारी मी एकटीच नाही. टेम्पो यायच्या आधीच तुम्ही ब्लीचची पिशवी फोडून ठेवलीत, म्हणून तुम्ही मोजायच्या आत हा उचलला. रोज कंपाउंडरचं जुनं पाणी घालत होते यात. तेच याला आवडत असणार, असं वाटलं.”

तेच! तीन आठवडे ही बाई टेबलाखाली जिवाणूंना जेवू घालत होती, आणि मी, पाण्यातला जाणकार, वरती कान साफ करत होतो.

“मला सांगायचं नाहीस?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मी बादली उचलली.

दगड टाकीच्या मधोमध ठेवला. पांढऱ्याशुभ्र पाहुण्यांत एकच कळकट घरचा माणूस. पुढचे आठ दिवस मी मीठ कालवलं आणि निम्मं निम्मं पाणी बदललं. ब्रश माळ्यावर टाकला. तिसऱ्या दिवशी नमुन्याचा हिरवा रंग फिका झाला. पाचव्या दिवशी कंपाउंडर खाली उतरून त्या दगडाला टेकून बसला. नवव्या दिवशी सकाळी त्यानं हिच्या हातून खाल्लं, आणि ही रडली. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो, कारण माझंही तेच चाललं होतं.

त्याच सकाळी नमुना पिवळाजर्द आला. मी नवं रजिस्टर घेतलं, पट्टीनं रकाने आखले, तारीख घातली आणि लिहिलं, ‘जिवाणू : भरपूर. पाणी योग्य.’ मग सहीची जागा आली. तिथे पेन टेकवलं आणि थांबलो.

“अगं, जरा इकडे ये,” मी हाक मारली. “तपासणी अधिकाऱ्याची सही राहिलीय.”

ती ओले हात पुसत आली. आधी पाण्याकडे पाहिलं, मग मी काय लिहिलंय ते सावकाश वाचलं, आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं.