तोंडचे पाणी

मित्रांनो, मी पाणी जोखणारी एक जुनी कांडी आहे. माणसे एकमेकांचे पाणी जोखतात ते बोलण्यापुरते. मी मात्र खरोखरच जोखते. दुकानदार मला प्रोब म्हणतात. माझ्या टोकाला पातळ काचेचा इवलासा फुगा आहे. तो माशांच्या टाकीत बुडवला की पाणी आम्लाकडे झुकले आहे की अल्कलीकडे, ते वायरीने जोडलेल्या यंत्रावर मी आकड्यात सांगते. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली.

मी जन्मले कारखान्यात, पण मला वळण लावले ताईने. ताई चष्मे बनवते. नवा चष्मा घातला की गिऱ्हाईक आधी तिच्या टाकीतल्या एंजल माशाकडे बघे. त्याचे पट्टे स्पष्ट दिसले की चष्मा पास. तो मासा मात्र, कुणीच अभ्यास करून आलेले नाही अशा नजरेने सगळ्यांकडे पाही, म्हणून त्याचे नाव पंतोजी. ताई माझी काच कधी घासत नसे, मऊ कागदाने नुसती टिपत असे. काम झाले की टोपणात खारट द्रावणाचे थेंब घालून मला त्यात ठेवी. असा हात लाभायला भाग्य लागते.

पुढे लेकीच्या आजारपणामुळे ताईला परगावी जावे लागले. पंतोजी शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंकडे गेला आणि दुकान धाकट्या भावाने सांभाळले. भाऊ मनाने फार चांगला, आणि टापटिपीचा तर त्याहून. त्याने माझ्या टोपणातले द्रावण ओतून टाकले, चष्म्याच्या फडक्याने मला चकचकीत पुसले आणि कापसात गुंडाळून कपाटात ठेवले. मित्रांनो, चष्म्याला कोरडेपणा मानवतो, मला नाही. घाबरले की लोकांच्या तोंडचे पाणी पळते म्हणतात. माझ्या तोंडचे अगदी खरोखर पळाले.

दोन वर्षांनी ताई परतली. काकू घर बदलणार होत्या, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पंतोजीला परत आणायचे होते. भावाने हौसेने टाकी आधीच भरून ठेवली होती, तळाशी नवे पांढरेशुभ्र खडे पसरून. ताईने मला बुडवले. माझा आकडा नुसता भरकटत राहिला. मला फार लाज वाटली.

"ताई, नवीन आण. ही गेली कामातून," भाऊ म्हणाला.

"गेली नाही रे, तहानली आहे. कोरडी ठेवलीस ना?"

"मग काय ओली ठेवायची? चांगली पुसून ठेवली मी."

"हो, चष्म्यासारखी," ताई हसून म्हणाली.

तिने मला खारट द्रावणात भिजत ठेवले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो अशी दोन द्रावणे काढली, एक सातचे आणि एक दहाचे. मला आधी सातमध्ये बुडवले. मी रखडत होते, ती वाट बघत होती. गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना विचारते तसे तिने हळूच विचारले, "आता बरं दिसतंय?" आणि मी सातवर स्थिरावले. दहावरही जुळले.

टाकीत मात्र मी सव्वाआठ दाखवले.

"बघ, चुकली. नळाचं पाणी सातचं असतं आपल्याकडे," भाऊ म्हणाला.

ताईने वाद घातला नाही. मला पुन्हा सातच्या द्रावणात घातले, मी सात म्हटले. नळाच्या पाण्यातही सात. काकूंच्या टाकीत सातच्या जरा खाली. मग तिने एक पांढरा खडा काढून त्यावर व्हिनेगर टाकले. खडा फसफसला.

"संगमरवर आहे. यानेच पाणी बदललंय. पंतोजीला हे झेपलं नसतं, या वयात तर नाहीच."

भाऊ खाली बसला. "अगं, त्याच्यासाठीच आणले होते मी."

"ठाऊक आहे मला."

दोघांनी मिळून खडे उपसले, पाणी पार बदलले. पुन्हा मला विचारले, आणि मी होकार दिल्यावरच पंतोजी टाकीत उतरला. त्याने कोपरे तपासले आणि भावाकडे नापसंतीने पाहिले. भावाचे डोळे भरून आले.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या, पण ज्याची घेता त्याला काय मानवते ते आधी विचारा. त्या संध्याकाळी भावाने मला हातात घेतले. सवयीने त्याचा हात फडक्याकडे गेला आणि थांबला. मग त्याने माझ्या टोपणात द्रावणाचे थेंब घातले, एकही न सांडता. पाणी जोखणे हा माझा धंदा आहे. त्या दोघांचे पाणी मी जोखले आहे.