कंदील कोणासाठी लावला

रविवार, १२ डिसेंबर १९७१. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हिंदी मुलखातल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात नागरिक समितीची बैठक सुरू झाली. हजर एकोणीस. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. सह्यांच्या वर पान अजून कोरं होतं.

तिथली रीतच तशी. आधी चहा, चहाबरोबर रजिस्टर, आणि पानाच्या तळाशी सह्या. मजकूर नंतर भरायचा. ते काम अच्युत घाटे यांच्याकडे होतं. तोफगोळ्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते आणि त्यांचं अक्षर असं की ठाणेदार म्हणायचे, "घाटे बाबू लिखते नहीं, छापते हैं."

पोलिसांच्या कामाबद्दल मोहल्ल्याचं म्हणणं ऐकावं, यासाठी ही समिती. एरवी लोक मोकाट गाई आणि सिनेमाचे भोंगे यांपलीकडे जात नसत. आज निवृत्त शिक्षिका भानुमतीबाई उभ्या राहिल्या.

"थानेदार साहब, गोहलपुर का नथ्थू साइकिलवाला गुरुवार से अंदर है. क्यों?"

"ब्लैकआउट में लालटेन जलाए बैठा था, बहनजी. वह भी कारखाने वाली सड़क पर. हवाई जहाज़ को इशारा कर रहा होगा."

"इशारा! उसे हाथ में पकड़ा पाना नहीं दिखता, हवाई जहाज़ क्या दिखेगा?"

लोक हसले. ठाणेदारही हसले. "कहता है, ग्राहक का पंक्चर बना रहा था. कौन ग्राहक? नाम नहीं मालूम. ठीक है. वह ग्राहक आकर बोल दे, मैं आज शाम को छोड़ दूँ."

अच्युतरावांची लेखणी थांबली.

नथ्थू अकरा वर्षं त्यांच्या सायकलची पंक्चरं काढत होता. त्यांच्या दोन्ही मुलींची नावं त्याला पाठ होती. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तो म्हणालाही होता, "बाबूजी, ब्लैकआउट का भोंपू हो चुका है, बत्ती नहीं जलाऊँगा." आणि अच्युतराव म्हणाले होते, "दो मिनट, भैया. फाटक बंद हो जाएगा." कंदील त्यांनीच लावायला लावला. वर गोणपाट धरलं तेही त्यांनीच. पोलिसाची शिट्टी ऐकू आली तेव्हा ट्यूब टायरमध्ये गेली होती. ते पायडल मारून निघाले. गोणपाट खाली पडलं आणि कंदील नथ्थूच्या हातात राहिला.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शिफ्ट मात्र वेळेवर गाठली.

गेल्या पंधरवड्यात कारखान्यातल्या दोघांचे पास काढून घेतले होते. पोलिसांच्या कागदावर नाव आलं, एवढंच कारण. त्यांतला एक अजून रोज फाटकापर्यंत येऊन परत जायचा. त्याचं क्वार्टर रिकामं करवून घेतलं, ते अच्युतरावांच्या शेजारचंच.

भानुमतीबाई आता मराठीत बोलल्या. अच्युतरावांच्या रांगेत मराठी घरांतली पाचसहा माणसं बसली होती. "कोणाची सायकल होती ती? इथं असेल त्यानं सांगून टाकावं."

एकजण खोकला. कोणीतरी कप खाली ठेवला.

ठाणेदार म्हणाले, "तो घाटे बाबू, शिकायत के खाने में क्या लिखेंगे?"

अच्युतरावांनी तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: निरंक. वेलांटी नेहमीसारखी सुरेख आली.

निघताना भानुमतीबाई रजिस्टरवर वाकल्या. "खाली माझी सही आहे, अच्युतराव. माझा प्रश्न कुठाय?"

"पुढच्या मीटिंगला घेऊ, बाई."

"तोवर नथ्थूनं काय करायचं?"

घरी पत्नी अनसूयेनं सगळं ऐकून घेतलं. सायकलचं तिला गुरुवारपासून ठाऊक होतं. "काहून नाही बोलले तुम्ही?"

"मी लिहून राहिलो होतो."

भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही.

सोमवारी दिवसपाळीच्या आधी, सकाळी सात वाजता अच्युतराव ठाण्यात गेले. ठाणेदार दौऱ्यावर होते. ठाण्याचा कारकून, मुन्शी, दात घासत होता.

"वह साइकिल मेरी थी," अच्युतराव म्हणाले.

मुन्शीनं चूळ भरली. "कल यहीं बैठे थे न आप? चलो, दरख़्वास्त लिख दो. नाम, पता, कारखाना, पास नंबर."

त्यांनी अर्ज लिहिला. कंदील कोणी लावायला सांगितला, गोणपाट कोणी धरलं, सगळं लिहिलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पास नंबराशी हात अडला. तो नंबर त्यांना झोपेतही आठवत असे.

"पास घर पर रह गया," ते म्हणाले. पास खिशात होता.

"बिना नंबर के नहीं लगेगी. फिर आ जाना." मुन्शीनं कागद परत केला.

"नथ्थू अंदर है न?"

"सुबह भेज दिया."

"कहाँ?"

"ऊपर." मुन्शी आत गेला.

गुरुवारी पूर्वेकडची लढाई थांबली. संध्याकाळी साडेसहाला कारखान्याच्या रस्त्यावरचे दिवे तेरा दिवसांनी लागले आणि पोरं त्यांच्याखाली नाचली. अच्युतराव सायकल हातात धरून चालत घरी आले. चाकात हवा भरपूर होती.

दारात समितीची चिठ्ठी पडली होती: पुढील बैठक रविवार, १६ जानेवारी, दुपारी चार, कार्यवृत्त लेखन, श्री. घाटे.

अर्ज त्यांच्या डब्याच्या पिशवीत आहे. पास नंबराची जागा कोरी आहे. गोहलपुरचं दुकान बंद आहे आणि नथ्थूला कुठे पाठवलं, हे शनिवार संध्याकाळपर्यंत ठाण्यात कोणी सांगितलेलं नाही.